चाळीस आकडे

तो आमच्या घरी आला की टीव्हीकडे पाठ करून बसायचा. आधी मला वाटायचं, आमचा टीव्ही लहान म्हणून. नंतर कळलं की तो सगळ्यांच्याच घरी असाच बसतो. वसईतल्या आमच्या भागात ज्याच्या वायरीमुळे घरोघरी चित्र दिसायचं, त्या केबलवाल्याला मी स्वतः पडद्याकडे बघताना कधी पाहिलं नाही. तो बघणाऱ्यांकडे बघायचा. वरच्या खिशात पक्कड, हातात चहाची बशी, आणि नजर आमच्या तोंडावर. कोण जाहिरात लागली की उठतं, कोण कुठल्या नटीला बघून नाक मुरडतं, कोण डोळे पाणावले की चष्मा पुसायचं निमित्त करतं, हे सगळं तो टिपायचा. चहा संपला की बशी कपावर उपडी ठेवायचा आणि म्हणायचा, "चित्र क्लियर हाय ना? मंग चाललो."

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळायचो. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की मला त्याची अभिरुची पटत नाही, त्याने भाषा बिघडवली, तो उथळ आहे. हे सगळं सभ्य माणसाचं जळणं. आता निवृत्त झालो, गुडघे बदलून झाले, खोटं बोलण्यातही पूर्वीची मजा राहिली नाही. म्हणून कबूल करतो.

जळण्याचं कारण समजायला माझी थोडी माहिती हवी. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि नाटकं लिहायचो. नाटकं म्हणजे एकांकिका. त्यांत बहुधा एक म्हातारा असे, एक रिकामी खुर्ची असे, आणि म्हातारा त्या खुर्चीशी आयुष्याबद्दल बोलत असे. एकीला तालुक्याच्या स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळालं होतं. त्या वर्षी स्पर्धेत नाटकं चारच आली होती, पण हे मी कुणाला सांगत नसे. कोकणातून येऊन वसईत फ्लॅट घेतलेल्या मास्तराला गावात ओळख मिळवायला काहीतरी लागतं. माझ्याकडे हे होतं. वसईत नाटककार म्हटलं की माझं नाव निघायला हवं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती फार मोठी होती असं मला अजूनही वाटत नाही.

तो कामणकडचा, भातशेतीवाल्या घरातला. आठवी पास आणि आठवी नापास याच्या मधे कुठेतरी शाळा सुटलेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एका इमारतीच्या गच्चीवर छत्री बसवली, खाली एका खोलीत दोन व्हिडिओ प्लेअर ठेवले आणि माडामाडांवरून, विहिरींवरून, चर्चच्या कुंपणाला वळसा घालून वायरी नेल्या. माडावर तो स्वतः चढायचा. दुपारी एक पिक्चर, संध्याकाळी एक. मधे पुठ्ठ्यावर हाताने रंगवलेल्या जाहिराती, साडी सेंटर आणि चष्म्याचं दुकान, कॅमेऱ्यासमोर धरलेल्या. पुठ्ठा धरणाऱ्याचा अंगठा कायम दिसायचा. अंगठा त्याचाच.

मग त्या पुठ्ठ्यांवर गावच्या बातम्या यायला लागल्या. अमक्याची शेळी हरवली आहे, आगाशीकडे दिसल्यास कळवावे. उद्या पाणी येणार नाही. पिक्चर ऐन रंगात असताना नायिकेच्या तोंडावर शेळीचा पुठ्ठा यायचा. मी चिडून फोन केला की शांतपणे म्हणायचा, "सर, हिरोइन कुठं जात नाय. शेली गेली तर गेली."

पुढे त्याने बाहेर नेता येईल असा कॅमेरा घेतला आणि लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं, चर्चच्या सणाची मिरवणूक असं सगळं चॅनेलवर दाखवायला लागला. खरी गोष्ट इथून सुरू झाली. एका लग्नाची कॅसेट लावली असताना तो नेहमीप्रमाणे कुणाच्या तरी घरी टीव्हीकडे पाठ करून बसला होता. त्याच्या लक्षात आलं की नवरा-नवरीकडे कुणी बघतच नाहीये. मागच्या रांगेत एक मावशी रुसून बसली होती. तिला आहेराची साडी पसंत नव्हती. दोन बायका येऊन तिची समजूत काढत होत्या आणि ती मान वळवत होती. अख्खं घर श्वास रोखून त्या मावशीला बघत होतं. त्याच्या मालिकांचा उगम हा. लोक मला विचारतात तेव्हा मीच ही हकिगत सांगतो, आणि ती मावशी मला का दिसली नाही याचं दुःख पोटात ठेवतो. त्या लग्नाला मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

दुसऱ्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला. पहिल्यांदाच चहाची बशी बाजूला ठेवून बोलला. "सर, तुमी लिवता. मना गावच्या मानसांचं नाटक करायचं हाय, दर रविवारी थोडं थोडं. मना पन शिकवा."

मी तेव्हा काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी ते वाक्य पुढे अनेकांना अभिमानाने ऐकवलं. मी म्हणालो, "नाटक रंगमंचावर होतं. वायरीतून येते ती वीज."

तो हसला, बशी उपडी ठेवली आणि गेला. पुन्हा त्याने मला विचारलं नाही. त्याने माझ्या बायकोला विचारलं.

आमची ही तोवर घरातच असायची, सकाळी दोन तास बालवाडीत शिकवायची. नाटकाचा गंध नाही. माझ्या तिन्ही प्रयोगांना तिला झोप लागली होती. पण ती बाजारात भाजीवाल्या बायकांशी त्यांच्या बोलीत, त्यांच्याच हेलात भांडायची, आणि हे त्याने केव्हातरी ऐकलं होतं. त्याने तिला मामीची भूमिका दिली.

मालिकेचं नाव 'दोन घरं एक पंप'. एका वाडीत बावखल आहे, म्हणजे आमच्याकडे वाड्यांमधून असतं तसं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या एका काठाला एक घर, दुसऱ्या काठाला दुसरं, आणि केळीला पाणी द्यायला दोघांत मिळून एकच पंप. बस, एवढीच गोष्ट. एका घरची मामी म्हणजे आमची ही. दुसऱ्या घरचा हेकट म्हातारा म्हणजे नंदाखालचे एक शिंपीकाका. ते आयुष्यभर चर्चच्या गायनवृंदात मागे उभे राहिले होते आणि आता पहिल्यांदा पुढे आले होते. संहिता नव्हती. तो दोघांना बावखलाच्या काठावर उभं करायचा, कानात सांगायचा की आज तुझा पंप बंद आहे आणि आज तुझ्या घरी पाहुणे आहेत, आणि कॅमेरा सुरू करायचा. संवाद कुठून यायचे? आमच्या घरांतून. वायर बघण्याच्या निमित्ताने चहा पीत त्याने जे ऐकलं होतं ते. एका भागात मामी म्हणाली, "मी बोलत नाही म्हणजे मला बोलता येत नाही असं नाही." हे वाक्य माझं. मी ते आमच्या हॉलमध्ये हिच्यावर डाफरताना बोललो होतो, आणि तो टीव्हीच्या मागे वाकून पिन बसवत होता.

दर रविवारी सकाळी अकरा वाजता. चर्चमधली मिस्सा आटोपून लोक घरी आलेले, देवपूजा झालेल्या, मटण शिजत घातलेलं. रस्ते ओस पडायचे. तो म्हणायचा, "चित्र काय, कोनीबी दाखवील. जे बगताना भाजी करपते, ते खरं." हे वाक्य लोक सुभाषितासारखं एकमेकांना ऐकवायचे. मी शाळेत चौदा वर्षं सुभाषितं शिकवली, एकही मुलगा घरी जाऊन बोलला नसेल.

आणि त्याची ती परीक्षा. ही पद्धत मी जगात दुसऱ्या कुणाची ऐकली नाही. भाग चालू असताना, ऐन मधे, तो कंट्रोल रूममध्ये मुख्य पिन ओढून काढायचा. सगळ्या घरांतलं चित्र गुल. मग तो सावकाश एक ते चाळीस मोजायचा आणि पिन परत बसवायचा. या चाळीस आकड्यांत किती फोन येतात ते तो ऐकायचा. फोन नसलेले लोक खिडकीखाली येऊन ओरडायचे, म्हणून खिडकीही उघडी ठेवायचा. फोन खणखणला, खाली आरडाओरडा झाला, तर गोष्ट बरोबर चालली आहे. फोन उशिरा आला तर त्या माणसाचं काम कमी. शिंपीकाकांचा एक मुलगा होता मालिकेत, फार देखणा. दोन रविवार त्याच्या प्रसंगात केबल गेली आणि कुणी फोन केला नाही. तिसऱ्या रविवारी तो दुबईला गेला. आमच्या हिच्या प्रसंगात मात्र सात-आठच्या आकड्यालाच खिडकीखाली शिव्या सुरू व्हायच्या, आणि ही घरी येऊन सांगायची, "आज आठला." जणू तिला परीक्षेत मार्क मिळाले होते.

गावाला ही परीक्षा ठाऊक होती का? सुरुवातीला नव्हती. नंतर सगळ्यांना कळलं, तरी चित्र गेलं की फोन करायचेच. हात राहायचा नाही.

मी 'मामीचे मिस्टर' झालो. मासळीबाजारात कोळीण हिच्या पिशवीत दोन बोंबील जास्त टाकायची आणि मला विचारायची, पंपाचं काय झालं. मुख्याध्यापकांनी एकदा मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, माझ्या नव्या एकांकिकेचं कळलं. त्यांना विचारायचं होतं की मामी म्हाताऱ्याशी बोलायला लागणार आहे का, त्यांच्या आईने पैज लावली आहे. आमच्या वर्गात मुलं डबा खाताना हिचे संवाद म्हणायची. मी आत आलो की गप्प व्हायची, ते मात्र मला जास्त लागायचं.

माझा सर्वात वाईट रविवार सांगतो. वाचनालयाच्या सभागृहात माझ्या नव्या एकांकिकेचा प्रयोग ठेवला होता, सकाळी साडेदहाला. सभागृह त्याच वेळेला मिळालं. मी मनाशी म्हटलं, बघू या, खरे रसिक कुठे येतात. अकराला पाच कमी असताना सभागृहात अकरा माणसं होती. अकरा वाजून दोन मिनिटांनी पाच. त्या पाचांतला एक वॉचमन होता. माझा म्हातारा, म्हणजे प्रमुख नट, साडेअकराला धापा टाकत आला आणि म्हणाला, "सर, सॉरी, पंप जळला." त्याला काय म्हणायचंय ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. मग कळलं की त्याच्या घरचा नव्हे, मालिकेतला.

इतकं असूनही मी दर रविवारी ती मालिका बघत होतो. हातात वर्तमानपत्र धरून, त्याच्या वरच्या कडेवरून. ही तेव्हा घरी नसायची. भाग संपल्यावर कॅमेऱ्यासमोर बसून आठवड्याच्या सूचना वाचायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून ती दहालाच कंट्रोल रूमवर जायची आणि मला दूध तापवायला सांगून जायची. एका रविवारी म्हाताऱ्याने मामीच्या दारात केळीचा पहिला घड आणून ठेवला आणि एक शब्द न बोलता वळला. मामी दारात उभी. तिने त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला स्वयंपाकघरातून वास आला तेव्हा पातेल्याचा तळ काळा झाला होता. मी खिडक्या उघडल्या, पातेलं राखेने घासलं, पुन्हा दूध आणून तापवलं. ही आली, दारात एकदा नाक वर केलं आणि चपला काढून आत गेली. त्या दिवशी मी त्याचा जितका राग केला तितका कधी केला नसेल.

तीन वर्षांनी मी शरण गेलो. अर्थात मी ते तसं दाखवलं नाही. हिलाच म्हटलं की तुमच्या मालिकेला खोली नाही, एखादा भाग कुणी विचारपूर्वक लिहायला हवा. ती म्हणाली, भाऊंना विचारते. सगळं गाव त्याला भाऊ म्हणायचं. मी सोडून. दुसऱ्या दिवशी तो आला आणि मी तीन वर्षांपूर्वी बोललेलं वाक्य जणू ऐकलंच नव्हतं अशा थाटात म्हणाला, "सर, कवापासून वाट बगतोय."

मी एक महिना लिहीत होतो. अट घातली की एकही शब्द कापायचा नाही. म्हातारा रात्री बावखलाच्या काठी बसतो आणि पाण्याशी बोलतो. अकरा मिनिटं. मी खुर्चीच्या जागी बावखल घातलं होतं, एवढाच फरक. त्यात 'अस्तित्वाची ओल' असे शब्द होते. शिंपीकाका बिचारे शिवणयंत्रावर पान चिकटवून पाठ करायचे. चित्रीकरणाच्या दिवशी त्याने फक्त एकदा चाचपून पाहिलं. म्हणाला, "सर, एवढं लांब मानूस भांडतानाच बोलते. आनि तवा दुसरा ऐकत नाय." मी त्याला अटीची आठवण करून दिली. त्याने मान डोलावली आणि अकराच्या अकरा मिनिटं एक शब्द न गाळता चित्रित केली.

तो रविवार. ही दहाला गेली. मला वाटलं होतं, निदान आज ती माझ्याबरोबर बसेल. मी दूध आधीच तापवून ठेवलं, वर्तमानपत्र घेतलंच नाही, आणि फोन ओढून मांडीवर घेऊन बसलो. कारण मला माहीत होतं की मधे पिन निघणार. माझ्या सगळ्या आयुष्याचा निकाल त्या चाळीस आकड्यांत लागणार होता, आणि मला तो स्वतःच्या कानाने ऐकायचा होता. फोन लावून त्याला विचारायचं, कितीवर आला?

म्हातारा बोलायला लागला. चार मिनिटं झाली. 'ओल' शब्द आला आणि चित्र गेलं.

मी लगेच नंबर फिरवला. एंगेज. ठेवला, पुन्हा फिरवला. एंगेज. चाळीस आकड्यांत जितक्या वेळा फिरवता येतो तितक्या वेळा फिरवला आणि चित्र परत आल्यावरही फिरवत राहिलो. एकूण सात वेळा. सातही वेळा एंगेज. माणसाला आनंदाने रडू येतं हे मी मुलांना व्याकरणात वाक्य म्हणून लिहून द्यायचो. त्या दिवशी ते मला कळलं. सगळी वसई फोन करत होती. मला, लेखकाला, लाइन मिळत नव्हती.

संध्याकाळी तो आला. मी विचारलं, किती आले? तो म्हणाला, "तुमी लावलेला काय?" मी म्हटलं, "सात वेळा. सातही वेळा एंगेज." त्याने बशीतल्या चहावर फुंकर घातली. "मंग झालं तर," म्हणाला. शेजारच्या जोशीकाकूंना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो का, गेलं होतं का चित्र? आम्ही जेवायला बसलो होतो." पण जोशीकाकूंना तसंही काही कळत नाही असं माझं मत होतं.

त्यानंतर मी तो किस्सा कुठे कुठे सांगितला नसेल. स्टाफरूममध्ये, वाचनालयात, भाचीच्या साखरपुड्यात. 'दोन घरं एक पंप'च्या इतिहासात एकच भाग असा, ज्यात फोन एंगेज झाला. हिच्या मामीलासुद्धा कधी लाइन जाम झाली नव्हती. हे मी हिच्या देखत सांगायचो आणि ती पोळ्या लाटत राहायची. तो कधी समोर असला तर मान डोलवायचा. माझी जळजळ पुष्कळ शमली. गावात त्याची मालिका असेल, पण तिच्यातला सर्वात मोठा रविवार माझा होता. दुसरा भाग लिहायला त्याने मला सांगितलं नाही, याचाही मी अर्थ लावला की त्याला भीती वाटली असणार.

मालिका आणखी बरीच वर्षं चालली. पुढे मोठ्या कंपन्यांचे डबे आले, शेकडो चॅनेल आले, आणि त्याच्या चॅनेलला त्या डब्यांत जागा उरली नाही. शेवटच्या रविवारी मामी आणि म्हातारा पंप विकून टाकतात आणि पहिल्यांदा एका बाकावर बसतात. ही सांगते, तिथे त्याने पिन काढली, चाळीसपर्यंत मोजलं आणि पिन परत बसवलीच नाही. खिशात टाकली. मग खुर्चीवर बसून तो फोन वाजताना ऐकत राहिला. दुपारपर्यंत वाजत होता. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, असा शेवट मला का सुचला नाही.

दोन-तीन वर्षांनी वाचनालयाने त्याचा सत्कार ठरवला. वक्ता म्हणून मी. आदल्या संध्याकाळी मी हिला भाषण म्हणून दाखवत होतो. शेळीचा पुठ्ठा झाला, रुसलेली मावशी झाली, आणि मी एंगेज फोनाच्या किश्शावर आलो. ती शेंगा सोलत होती. हात थांबवून म्हणाली, "अहो, ते नका सांगू उद्या."

"का?"

"सांगू नका म्हणजे नका सांगू."

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, तुझ्या मामीपेक्षा मोठा होता म्हणून तुला खुपतं. मग तिने शेंगांचं ताट खाली ठेवलं आणि सांगितलं. ती त्या रविवारी कंट्रोल रूममध्येच होती. पिन काढायच्या आधी त्याने उठून खिडकी लावून घेतली. कधीच लावत नसे. मग फोनाचा रिसीव्हर काढून टेबलावर आडवा ठेवला. हिने विचारलं, मग पिन तरी कशाला काढता? तो म्हणाला, "नाय काढली तर सरांना वाटंल, कच्चं लिंबू धरलं. ते घरी फोन घेऊन बसलेले असतील." आणि त्याने चाळीसपर्यंत मोजलं, नेहमीसारखं, सावकाश, मोठ्याने.

मी भाषणाचा कागद खाली ठेवला. मग विचारलं, "इतकी वर्षं तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होतात," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागे लोक उभे होते. ज्या सभागृहात मी पाच माणसं पाहिली होती, तेच. तो पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, आणि वरच्या खिशात सवयीने पक्कड. मंचाकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो मान वळवून मागच्या लोकांचे चेहरे बघत होता. मी भाषण केलं, किस्सा गाळला, आभार मानले आणि कागदाची घडी केली. तेवढ्यात तो मान पुढे वळवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, तो फोनाचा ऱ्हायला."

लोक हसले. त्यांनाही तो किस्सा माहीत होता. कुणीतरी मागून म्हणालं, सांगा सर, सांगा. मला कळलं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांपूर्वी दिलेली वस्तू तो मला पुन्हा देत होता, या वेळी चारचौघांत. ही तिसऱ्या रांगेत खाली बघत बसली होती. खरं सांगून टाकावं असं मला वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं. मग मी माइक पुन्हा हातात घेतला आणि सगळा किस्सा सांगितला. मांडीवरचा फोन, सात वेळा फिरवलेला नंबर, सात वेळा एंगेज. टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी त्याने वाजवल्या आणि सगळ्यांत शेवटी थांबवल्या.

त्या रविवारी रिसीव्हर जागेवर असता तर फोन वाजला असता का, खिडकीखाली कुणी आलं असतं का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. त्याने ते कायमचं झाकून टाकलं आहे. पण एक गोष्ट मला नक्की माहीत आहे, आणि तेवढ्यासाठी मी त्याच्यावर अजूनही जळतो. त्याच्या जागी मी असतो आणि भाग त्याचा असता, तर मी खिडकी सताड उघडी ठेवली असती, फोनाजवळ कान लावून बसलो असतो, एक एक आकडा मोजला असता, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या वसईला सांगून आलो असतो की फोन वाजला नाही.